मन कशाने बरं राहतं, हे आधी वहीत शोधा (सातारा-सांगलीकरांसाठी धागा)

माहुलीकर (धागाकर्ता)

‘आनंदी राहा’, ‘सकारात्मक विचार करा’ हे सल्ले इथे वरचेवर मिळतात. सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. आत्मकथन नको, कृती लिहा. काय करायचं, किती वेळ, आणि कुठे फसतं.

सुरुवात मी करतो. कशाने बरं वाटेल याबद्दलचा आपला अंदाज फार कच्चा असतो. डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांचं याच विषयावर काम आहे. एखाद्या घटनेने किती आणि किती दिवस सुख किंवा दुःख होईल, ते माणूस बहुधा फुगवून सांगतो. नवी गाडी, गोडोलीतला फ्लॅट, सप्टेंबरात कासची फुलं, सगळ्याचं तेच. म्हणून आधी अंदाज बाजूला ठेवून नोंद, मग सवय. उलट क्रमाने गेलं की एक जानेवारीची वही संक्रांतीपर्यंतही टिकत नाही.

नोंद अशी करायची. खिशात मावेल अशी वही घ्या. दिवसातून चार वेळा, म्हणजे सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला, एकेक ओळ लिहा. ओळीत पाच गोष्टी: वेळ, आत्ता काय चाललंय, कोणाबरोबर, मन ० ते १०, अंगातला जोर ० ते १०. नमुना:

१.०० / डबा खाताना / ऑफिसातले तिघे / ७ / ६
६.०० / पोवई नाक्याच्या गर्दीत, गाडीवर / एकटा / ३ / ४
१०.०० / मोबाईल, अंथरुणात / एकटा / ४ / २

एका ओळीला अर्धा मिनिटही लागत नाही. चौदा दिवसांच्या ५६ ओळी होतात, आणि तेवढ्या पुरतात.

सुरू करण्याआधी पहिल्या पानावर २, ५ आणि ८ म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा. उदाहरणार्थ, २ म्हणजे कोणी हाक मारली तरी ओ द्यावीशी वाटत नाही, ५ म्हणजे ना धड ना वाईट, ८ म्हणजे हातातलं काम संपू नये असं वाटतं. हे केलं नाही तर वहीभर सहाच सहा येतात आणि त्यातून काही निघत नाही.

हमखास फसण्याच्या जागा तीन. एक, चारही ओळी रात्री एकदम भरणं. आठवण सबंध दिवसाची सरासरी काढत नाही, सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट तेवढे धरून ठेवते. रात्री जेवताना भांडण झालं की सकाळचा ७ सुद्धा ४ होऊन बसतो. दोन, मन बिघडलं तरच वही उघडणं. तीन, घरात लग्न किंवा गणपती असताना सुरुवात करणं. तो आठवडा तुमच्या रोजच्या जगण्याचा नमुना नसतो.

चौदा दिवसांनी मनाचे सर्वांत वरचे आठ आकडे हिरव्या पेनाने आणि सर्वांत खालचे आठ लाल पेनाने गोल करा. मग आकडे विसरून शेजारचे रकाने वाचा. हिरव्यांत कोणती कामं, कोणती माणसं, कोणती वेळ पुन्हा पुन्हा येते? लालमध्ये काय येतं? बहुतेकांच्या वहीत दोन-तीन गोष्टी अपेक्षेबाहेरच्या निघतात, आणि आपण ज्याला विरंगुळा म्हणतो तो लालमध्ये सापडतो.

पुढची पायरी, म्हणजे सवय, खाली प्रतिसादांत घेऊ.

पेठेतली

पद्धत पटली. पण एकत्र कुटुंबात वही ठेवायची कुठे? सासूबाई वाचणार, जाऊ वाचणार, ‘कोणाबरोबर’ या रकान्यात आपलं नाव दिसलं आणि शेजारी ३ दिसला की संपलंच! बायकांना हा सल्ला देताना इतका विचार कोणी करत नाही.

रानवाटा

ताई, वही नकोच. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर वापरा. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात वरच्या कोपऱ्यात सकाळ-संध्याकाळचे दोन आकडे टाका. दूधवाल्याचा आकडा समजून कोणी बघतही नाही. ‘काय आणि कोणाबरोबर’ यासाठी दहा-बारा खुणा ठरवा. स्वयंपाक स्व, मुलांचा अभ्यास मु, माहेरचा फोन मा, एकटीने चहा च, वगैरे. माणसांसाठी नावाचं आद्याक्षर नको, टिंबं ठेवा. खुणांची यादी लिहून ठेवायची नाही, पाठच करायची, म्हणून दहा-बारांच्या वर नेऊ नका.

चारऐवजी दोन नोंदी झाल्याने चौदाऐवजी अठ्ठावीस दिवस करा, ओळी तेवढ्याच होतात. फक्त दोन वेळा ठरवताना एक कामाच्या धबडग्यातली आणि एक निवांत अशी घ्या. दोन्ही निवांत घेतल्या तर चित्र खोटं येईल.

पेठेतली

दुधाचा हिशेब! हे जमण्यासारखं आहे.

डबलशिफ्ट

एमआयडीसीत फिरती पाळी असेल तर ८, १, ६, १० याला काही अर्थ नाही. रात्रपाळीवाला सकाळी ८ ला झोपायला चाललेला असतो. घड्याळ सोडा, उठल्यापासून मोजा: उठल्यावर एक तास, पाच तास, दहा तास, आणि झोपण्याआधी. शेजारी पाळीचं अक्षर टाका, प, दु किंवा रा. निष्कर्ष काढताना तिन्ही पाळ्या वेगळ्या करायच्या. एकत्र केलं तर ‘घरच्यांबरोबर असताना मन खाली’ असला भलताच निष्कर्ष निघतो. खरं कारण एवढंच की रात्रपाळीनंतर घरचे भेटतात तेव्हा डोळे मिटत असतात.

तिन्ही पाळ्या एकेकदा फिरेपर्यंत नोंद चालू ठेवायला लागते. आठवड्याला पाळी बदलत असेल तर म्हणजे तीन आठवडे.

बेदाणा

शेतकऱ्यालापण हेच लागू. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाची ऑक्टोबरची फळछाटणी झाली की पुढं पाऊस, दव, डावणी रोग याचीच धास्ती. त्या महिन्यात मन ३ च्या वर येत नाही, आणि त्याला सवय जबाबदार नाही. शिवाय शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असली की झोप तुटलेली. नोंद छाटणीचा घाईचा आठवडा सोडून घ्यावी, आणि वीज दिवसा की रात्री ते रोज लिहावं. मन बिघडलंय का झोप बिघडलीय, हे त्याशिवाय कळत नाही.

गडाखालचा

एवढी आकडेमोड करण्यापेक्षा माणसाने सज्जनगडावर जाऊन तासभर बसावं, मोबाईल बंद करून. आपोआप शांत वाटतं. वही कशाला?

माहुलीकर

बसा की, कोण नको म्हणतंय. वर जाताना, वर असताना आणि घरी परतून दोन तासांनी अशा तीन ओळी तेवढ्या लिहा. गडावर ८ आणि घरी पुन्हा ४ येत असेल, तर गड तुम्हाला मानवतो हे कळलं, पण महिन्यातून एकदाच्या त्या तासाने बाकीचे दिवस बदलत नाहीत हेही कळलं. मग बघायचं, गडावरच्या त्या तासातलं नेमकं काय काम करतं? एकांत? चढण? मोबाईल बंद असणं? का श्रद्धा? एकेक वेगळं करून घरी करून बघा. मोबाईल बंद ठेवून वीस मिनिटं गच्चीत बसल्यावर ७ येत असेल तर रोजचा मार्ग सापडला. श्रद्धेनेच फरक पडत असेल तर घरचा हरिपाठ आहेच.

चिकित्सक

धागा चांगला चाललाय, थोडी भर. ‘सुखाची सवय होऊन ते सपक होतं’ असं म्हणतात, त्याला संशोधनाचा आधार आहे. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या लॉटरीचे २२ विजेते आणि त्यांच्याच परिसरातली २२ साधी माणसं यांची तुलना केली. सध्या किती सुखी आहात, याला ० ते ५ मध्ये विजेत्यांनी सरासरी ४.०० गुण दिले, इतरांनी ३.८२. म्हणजे नाव घेण्यासारखा फरक नाही. उलट मित्राशी गप्पा, न्याहारी अशा साध्या गोष्टींतून विजेत्यांना इतरांपेक्षा कमी मजा वाटत होती.

कट्टेकरी

त्याच अभ्यासात अपघाताने अपंग झालेलेही काही दिवसांत तितकेच सुखी होतात असं निघालं ना? भाषणांत नेहमी सांगतात.

चिकित्सक

भाषणांत सांगतात ते चूक आहे. त्या २९ जणांची सरासरी २.९६ होती, म्हणजे इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी. लोकांना वाटतं तितकी ती खाली नव्हती, एवढंच. जर्मनीतल्या दीर्घकालीन पाहणीवरच्या पुढच्या अभ्यासांतही दिसलं की लग्नाचा आनंद साधारण दोन वर्षांत मूळ पातळीवर येतो, पण बेकारीचा घाव नोकरी परत लागल्यावरही पूर्ण भरत नाही. तेव्हा ‘सगळ्याची सवय होते’ हे वाक्य संकटातल्या माणसाला ऐकवू नका.

व्यवहारात याचा उपयोग असा. एकदाच मिळून कायम समोर राहणाऱ्या गोष्टीची सवय लवकर होते: सोफा, टीव्ही, गाडी. दर वेळी थोडी वेगळी घडणाऱ्या गोष्टीची उशिरा: माणसांच्या भेटी, शिकणं, चालण्याच्या वाटा. ऊसबिल किंवा बोनस आला की सगळी रक्कम एका वस्तूत घालण्याआधी थोडी बाजूला काढून वर्षभर थोडी थोडी खर्चायला ठेवा. दुसऱ्यासाठी खर्च केल्यावर अधिक बरं वाटतं, हेही तपासलेलं आहे. २००८ साली एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. काहींना ते स्वतःवर उडवायला सांगितले, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसरा गट अधिक खुशीत होता, आणि रक्कम ५ होती की २० याने फरक पडला नाही. म्हणजे शेजारच्या पोराला वडापाव दिला तरी चालतो, देणगी-पावतीच हवी असं नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

नोंदीतून प्रसंग सापडतो, त्यामागचा विचार सापडत नाही. लाल गोलांपैकी दोन-तीन ओळी अशा निघतात की कृती बदलून भागत नाही. त्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत. १९५५ च्या सुमाराला त्यांनी ती मांडली, आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती मराठीतून पोचवली. कागदाचे तीन उभे भाग करा.

पहिल्यात घटना. कॅमेऱ्याने टिपली असती तेवढीच. ‘मित्राने मुद्दाम अपमान केला’ ही घटना नाही. ‘विश्रामबागेत फ्लॅट घेतल्याचं मित्राने ग्रुपवर टाकलं, मला वेगळं कळवलं नाही’ ही घटना.

तिसऱ्यात परिणाम. काय वाटलं ते एका शब्दात, किती ते १० पैकी, आणि काय केलं. उदाहरणार्थ, ‘मत्सर ७, रात्री बायकोवर डाफरलो’.

मधला रकाना शेवटी भरायचा. त्यात डोक्यातलं वाक्य लिहायचं, आणि त्यात चार गोष्टी शोधायच्या. हट्ट: ‘या वयापर्यंत माझंही घर झालंच पाहिजे होतं.’ भयंकरीकरण: ‘आयुष्य वाया गेलं.’ असहनशीलता: ‘मला हे सोसवणारच नाही.’ शिक्का: ‘मी नालायक.’ चारही दर वेळी असतात असं नाही. पण हट्ट बहुतेक वेळा असतो, आणि बाकीचे तीन त्याच्यातून फुटतात.

मग त्या वाक्याला तीन प्रश्न. याला पुरावा काय? इच्छा आहे म्हणून ती पुरी झालीच पाहिजे, हा तर्क कुठला? हे वाक्य धरून बसल्याने माझं काम पुढे जातं का अडतं? शेवटी नवं वाक्य लिहायचं: ‘माझं घर व्हावं अशी तीव्र इच्छा आहे. झालं नाही तर वाईट वाटेल. पण झालंच पाहिजे असा कुठे नियम नाही, आणि घर नसलेला माणूस नालायक ठरत नाही.’

फसतं इथे. लोक नवं वाक्य गुळगुळीत लिहितात: ‘मला काहीच फरक पडत नाही.’ खोटं वाक्य मन दोन मिनिटांत झिडकारतं. वाईट वाटणं जावं हा उद्देशच नाही. मत्सर ७ वरून खंत ४ वर आली तरी काम झालं. दुसरं, हे सगळं तोंडी करणं. तोंडी केलं की तेच ते गोल गोल फिरतं. लिहून करा, एका प्रसंगाला पंधरा मिनिटं, आठवड्यात दोनच प्रसंग.

आणि ‘का’ हा प्रश्न जपून वापरा. ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’ याला उत्तर नसतं, त्यातून फक्त घोळणं वाढतं. सुझन नोलन-होक्सेमा यांनी या घोळण्यावर आयुष्यभर काम केलं. ते करणाऱ्यांची उदासी अधिक लांबते, असं त्यांना दिसलं. ‘का’च्या जागी ‘काय, कधी, कुठे, आता पुढचं एक पाऊल कोणतं’ असं विचारा. दहा मिनिटांत नवीन काही लिहिलं गेलं नाही तर ते आत्मपरीक्षण नव्हे, घोळणं आहे. वही मिटा आणि उठून हातापायांचं काम करा.

पेठेतली

स्वतःला नावाने हाक मारून विचारायचं, असंही कुठेतरी ऐकलंय. ‘मी काय करू’ऐवजी ‘सुमे, तू काय करशील’. खरंच चालतं का?

कृष्णाकाठ (सांगली)

हो, ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये त्यावर प्रयोग केलेत. भाषणाआधीची धास्ती अशा बोलण्याने कमी झाली. मैत्रिणीला सल्ला देताना आपण जितके शहाणे असतो तितके स्वतःला देताना नसतो, ते अंतर यातून मिळतं. मात्र स्वर मैत्रिणीचाच ठेवा. नावाने हाक मारून वर झापलं तर काही उपयोग नाही.

माहुलीकर

आता सवय. हिरव्यातली एक गोष्ट वाढवा आणि लालमधली एक कमी करा. एका वेळी एवढंच. पाच सवयी एकदम धरल्या तर एकही राहत नाही.

संकल्प ‘जर-तर’च्या साच्यात लिहा. पीटर गोलविट्झर यांची ही पद्धत, आणि २००६ साली ९४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तिचा परिणाम चांगलाच दिसला. ‘रोज चालायला जाईन’ असं नाही, तर ‘संध्याकाळचा चहा पिऊन कप विसळला की चपला घालून बाहेर पडेन’. आधीची खूण रोज घडणारी आणि स्पष्ट हवी. ‘वेळ मिळाला की’ ही खूण नव्हे. आणि सर्वांत वाईट दिवशीही जमेल असा किमान आकार ठरवा: चालणं असेल तर गल्लीच्या टोकापर्यंत, लिहिणं असेल तर एक ओळ. बरा दिवस असला की वाढतंच.

अडथळ्यालाही एक ‘जर-तर’ लावा. जुलैत साताऱ्यात संध्याकाळी पाऊस असणारच, मग ‘जर पाऊस असेल तर जिन्याच्या दहा फेऱ्या’ हे आजच ठरवा.

कट्टेकरी

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात.

चिकित्सक

त्याला आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर पाहिलं तेव्हा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला. कोणाला १८ लागले, तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. जेवणाबरोबर पाण्याचा पेला ही सवय लवकर लागली, व्यायामाला बराच वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. २१ दिवस धरून बसणारे बाविसाव्या दिवशी सोडतात ते यामुळेच, अजून आपोआप होत नाही म्हणजे आपल्यात खोट आहे असं वाटतं.

रानवाटा

चालण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेचं माप मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, मध्यम दमाचं. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा रस्ता किंवा ‘चार भिंती’ टेकडीची चढण घेतली तर हा दम सहज लागतो. सपाटीवर चालणाऱ्याने वेग वाढवावा. सांगलीत आमराई किंवा हरिपूरचा रस्ता चांगला, दोन्हीकडे सावली. एप्रिल-मेमध्ये साडेसातच्या आत उरका. अजिंक्यताऱ्यावर पहाटे अंधारात एकटे जाऊ नका, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या टाळा.

मनासाठी चालायचं तर कानात काही नको. निदान अर्धा वेळ तरी. आणि वाट आठवड्याला बदला, वर चिकित्सक म्हणाले त्या कारणाने.

डबलशिफ्ट

झोपेवर कोणी लिहिलं नाही. उठायची वेळ पक्की करा, झोपायची नव्हे. रविवारीही तासाभरापेक्षा जास्त फरक नको. अंथरुणावर फक्त झोप, तिथे मोबाईल, हिशेब, भांडण काही नाही. वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही) की उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. ही रिचर्ड बूटझिन यांची १९७२ ची पद्धत. पहिला आठवडा झोप कमीच होते आणि लोक तिथेच सोडतात. ज्यांना उठल्यावर तोल जाण्याचा त्रास आहे त्यांनी मात्र रात्री असं उठबस करू नये.

चहा: त्यातलं कॅफीन अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. दुपारी दोननंतर बंद करून दोन आठवडे बघा. एकदम सगळा चहा सोडला तर डोकं दुखतं, आधी निम्मा कप करा. आणि मोबाईलचं चार्जर हॉलमध्ये न्या, गजराला साधं घड्याळ घ्या.

पेठेतली

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा म्हणतात, ते केलं की चौथ्या दिवशी ‘चहा, पाऊस, मुलं’ हेच उतरतं.

चिकित्सक

रोज लिहिलं की तसंच होतं. मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ च्या प्रयोगात फक्त एक आठवडा रोज लिहायचं होतं, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ‘हे कशामुळे घडलं’ हेही. लोक हा दुसरा भाग गाळतात, आणि तिथेच स्वतःची ओळख होते. ‘पाऊस’ नको. ‘पावसात जाऊबाईंनी न सांगता माझे कपडे आत घेतले, कारण सकाळी मी त्यांचा डबा भरून दिला होता’ असं लिहा. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तेव्हा पहिला आठवडा रोज, पुढे दर रविवारी. आणि कुठल्या व्यक्तीमुळे चांगलं घडलं ते लिहिलं असेल तर त्या व्यक्तीला सांगून टाका.

कृष्णाकाठ (सांगली)

माणसांचा विषय निघालाच आहे तर. हार्वर्डचा १९३८ पासून चालू असलेला अभ्यास सांगतो की म्हातारपणीच्या आरोग्याशी आणि समाधानाशी जवळच्या नात्यांचा मोठा संबंध आहे. पण ‘नाती जपा’ ही कृती नव्हे. कृती अशी: घरातलं कोणी चांगली बातमी घेऊन आलं की आपली प्रतिक्रिया देण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. मुलगी म्हणाली, ‘स्पर्धेत दुसरी आले.’ ‘पहिली कोण आली?’ हा प्रश्न त्यात मोजायचा नाही! ‘कुठला भाग चांगला झाला? निकाल कळला तेव्हा काय वाटलं?’ शेली गेबल यांनी जोडप्यांवर हे तपासलंय, चांगल्या बातमीला उत्सुकतेने दाद देणाऱ्यांचं नातं अधिक समाधानाचं दिसलं.

आठवड्यात दोन फोन, वार आणि माणूस ठरवून. फॉरवर्ड मोजायचा नाही.

बेदाणा

आणि हे सगळं करूनपण मन २-३ च्या वर येईना तर?

माहुलीकर

तर सवयींचा नाद सोडून डॉक्टरकडे. दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटणं किंवा कशातच रस नसणं, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणं, ही आजाराची लक्षणं असू शकतात. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. बेरीज १० किंवा वर असेल तर तपासून घ्या. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जगू नये असं वाटण्याच्या, ० सोडून काहीही आलं तर बेरजेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. टेली-मानस १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

थकवा जास्त असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासायला डॉक्टरांना विचारा. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते, आणि तिचं रूप उदासीसारखंच दिसतं. मनाची औषधं चालू असतील तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबवू नका.

बेदाणा

गावात ‘वेड्याचा डॉक्टर’ म्हणतात, म्हणून जात नाहीत.

रानवाटा

मग सुरुवात नेहमीच्या डॉक्टरपासून करा, झोप लागत नाही एवढंच सांगून. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केसपेपर काढताना गर्दीत कारण सांगावं लागेल याची भीती असते, तिथे ‘झोपेची तक्रार’ म्हटलं तरी पुरतं. आत गेल्यावर सगळं सांगा.

कट्टेकरी

एक शंका. सवय लावून झाल्यावर फरक पडला की नाही, हे ठरवायचं कसं? परत चौदा दिवस?

माहुलीकर

सात पुरे, पण वेळा त्याच ठेवा. पहिल्या चौदा दिवसांची मनाची सरासरी काढा, नव्या सात दिवसांचीही काढा. अर्ध्या गुणाचा फरक धरू नका, तेवढा एखाद्या रविवारनेही पडतो. एक गुण किंवा जास्त असेल तर सवय ठेवा. फरक नसेल तर आधी बघा, सात दिवसांत ती झाली किती वेळा. तीनदाच झाली असेल तर सवय नव्हे, खूण चुकली. ‘जर’चा भाग बदला. सहा-सात वेळा होऊनही आकडा हलला नसेल तर ती सोडा, हिरव्या यादीतली दुसरी घ्या.

पेठेतली

आणि कॅलेंडरवाल्यांनी? आम्हाला दोनच आकडे.

रानवाटा

चौदा दिवस. महिन्याचं पान उलटायच्या आत जुने आकडे मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण पान फाडून दुधाच्या बिलासोबत जातं. फोटो घरच्या ग्रुपवर जाणार नाही एवढं बघा.